तुंबलेलं तुडुम

जागेश्वरच्या धानाच्या बांधीत पाणी यायचं थांबलं आणि त्याने सवयीप्रमाणे पहिला संशय चुलतभावावर घेतला.

धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की खैरी गावात भाऊबंदकीला ऊत येतो. भारी धानाला शेवटचं पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर नुसता कोंडा हाती लागतो. त्यामुळे दसऱ्याला तलावाचं तुडुम उघडलं, म्हणजे तलावाच्या बांधातून, पाळीतून, नहरात पाणी सोडायचं दगडी तोंड मोकळं केलं, की जो तो आपल्या वाट्याच्या पाण्यावर डोळ्यांत तेल घालून बसतो. जागेश्वर खांद्यावर फावडं टाकून, तोंडाने चुलतभावाचा उद्धार करत नहराच्या काठाने वर निघाला. पाहतो तर चुलतभावाची बांधीही कोरडी, आणि तोही शिव्या देत उभा. मग दोघे मिळून पाळीवर चढले.

तुडुमाच्या तोंडाशी पाणी जड झालं होतं. आत ओढलंच जात नव्हतं. सिंगाड्याचे वेल अडकले असतील म्हणून जागेश्वरने बांबूने ढोसलं. आधी निळी ओढणी वर आली. मग हात आला.

उपनिरीक्षक कामिनी रहांगडाले पोचली तोवर पाळीवर गर्दी जमली होती. अर्धी गावातली, अर्धी लेआउटमधली. भंडाऱ्याच्या हायवेलगत ती सॉफ्टवेअर कंपनी आली आणि खैरीच्या बांध्यांवर इमारती उगवल्या. त्यातली पोरंपोरी रोज याच पाळीवरून पायी ऑफिसला जात. गर्दीतल्या एका मुलीने प्रेत पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. तिचं नाव प्रेरणा. मेलेली तिची खोलीतली सोबतीण होती, नीतू. करडीकडची.

नीतूच्या पायांत काही नव्हतं. डोक्याला मागून खोक पडली होती. हवालदार ताराचंद म्हणाला, पाळीवरून पाय घसरला असेल, नाहीतर पोरीनं जीव दिला असेल. तुडुमाचा दगड लागला की डोकं फुटणारच.

"चप्पल शोध," कामिनी म्हणाली.

जीव देणारं माणूस चप्पल काठावर काढून ठेवतं आणि घसरणाऱ्याची निदान एक तरी वर राहते. पाळीवर चप्पल नव्हती. कामिनी वळसा घालून तलावाच्या दुसऱ्या टोकाला घाटावर गेली. तिथल्या पायऱ्या हायवेवरून येणाऱ्या रस्त्याला लागून आहेत. ती शेवटच्या पायरीवरून खाली उतरली. चिखलाच्या वाळून खपल्या झाल्या होत्या. त्यांच्यावरून ती बगळे उभे होते तिथवर, पाण्याच्या दिशेने गेली आणि तिचा उजवा बूट घोट्यापर्यंत आत गेला. बूट हाताने उपसून काढावा लागला. चप्पल तिथेही नव्हती.

मोहाडीकडच्या शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या बाईला चिखलाचं काय वाटायचं? पण खाकी वर्दीत एका पायावर उडत घाट चढताना गावच्या बायका तोंडाला पदर लावतात, त्याचा राग येतोच.

इमारतीचं नाव केशर हाईट्स. दारावर भला मोठा फलक होता: ‘ऑफिस पायी अंतरावर. फक्त कुटुंबे व नोकरदार.’ मालक वासुदेवराव. सगळी जमीन या तीन मजल्यांखाली गेलेला माणूस, पण सकाळी पाळीवर चक्कर मारल्याशिवाय त्याला चहा जात नाही, असं गावात सांगत. घराला नाव मिळालं ते बायकोचं, केशरबाईंचं. आणि भाडेकरू आणायचे, सांभाळायचे ते काम मुलाकडे, भुपेंद्रकडे. पांढरा शर्ट, हलका आवाज, मान झुकवून बोलणं. पोरींना तो भैय्या वाटे.

पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट त्यानेच उघडून दिला. दोन खोल्या, आत एक ओटा. दाराशी नीतूच्या दोन्ही चपला होत्या, ऑफिसची आणि घरची. कामिनीने प्रेरणाला विचारलं, तिसरी होती का?

"नाही मॅडम. दोनच."

"काल संध्याकाळी तू कुठे होतीस?"

"शिफ्टला. रात्री उशिरा आली. नीतू नव्हती. मले वाटलं, गावाले गेली असंल, रागानं."

"कशाचा राग?"

प्रेरणाने खालच्या मजल्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून सांगितलं. रविवारी नीतूची आई आली होती. सुक्या झिंग्यांची पिशवी घेऊन जिना चढली. केशरबाईंनी विचारलं, हे काय, आणि मग विचारलं, तुम्ही कोण? आई म्हणाली, आम्ही ढिवर, मासोळीसाठी तलाव धरतो. त्याच संध्याकाळी केशरबाईंनी नीतूला दिवाळीच्या आत खोली सोडायला सांगितलं.

"आणि नीतू काय म्हणाली?"

"काहीच नाही म्हनाली. हसली. मले म्हने, यांले मालूमच नाही, नव्या पोरायची राहायची सोय कोन पाहते ते."

"कोण पाहतं?"

"नीतूच पाहे, मॅडम. कंपनीत तेच काम होतं तिचं. दिवाळीपासून ही सारी बिल्डिंगच कंपनी घेऊन राहिली होती. तिनंच सुचवलं होतं, पायी जाता येते म्हनून."

कामिनी ओट्याशी गेली. सगळं लखलखीत होतं. खिडकी सताड उघडी होती आणि तरीही फिनाईलचा वास नाकात शिरत होता. प्रेरणा म्हणाली, डासांमुळे आम्ही ही खिडकी कधी उघडत नाही. रात्री आली तेव्हाही अशीच उघडी होती, असाच वास होता. नीतूने रागाच्या भरात फरशी पुसली असेल असं तिला वाटलं. झिंग्यांची पिशवी दोघींनी शोधली. मिळाली नाही.

खाली मालकांच्या बैठकीत चहा आला. केशरबाईंच्या गळ्यात माळ होती, चेहऱ्यावर घाबरल्यापेक्षा दुखावल्याचा भाव जास्त. आम्ही माळकरी माणसं, आमच्या जिन्यात वास नको, एवढंच म्हटलं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

"तिले येताना कोनी जात नाही विचारली बाई. कंपनीचं पत्र होतं, देली खोली. आता माय आली, समजलं. दुसरी खोली पाय म्हटलं. येवढ्यानं कोनी जीव देते का?"

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"भजनाले. रात्री आली."

वासुदेवराव म्हणाले, आपण गोळी घेऊन लवकर झोपलो, काही ऐकलं नाही. विचारल्यापेक्षा जरा जास्तच ठाम म्हणाले. कामिनीने ते मनात ठेवलं आणि भुपेंद्रकडे वळली.

"मी भंडाऱ्याला गेलो होतो मॅडम, परत येत होतो," तो म्हणाला. "दिवे लागायची वेळ. ती घाटावर दिसली. शेवटच्या पायरीवर एकटीच बसली होती, पाण्यात पाय सोडून. मी गाडी हळू केली. आवाज देणार होतो. मग वाटलं, आईवर रागावली असेल, राहू द्या." त्याने रुमाल डोळ्यांना लावला. "दोन मिनिटं थांबलो असतो तर आज ती असती."

वासुदेवरावांनी तोंडाजवळ नेलेला कप तसाच खाली ठेवला. उठले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. म्हातारा माणूस, पोटच्या पोरीएवढी पोर गेलेली, सहन झालं नसेल, असं ताराचंदला वाटलं. खरं तर कामिनीलाही तेव्हा तसंच वाटलं. तिने जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि निघताना भुपेंद्रचे आभारही मानले.

सरकारी दवाखान्यात शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर नीतूचे आईबाप बसले होते. बाप मुरारी भिंतीकडे तोंड करून. आई बायाबाई जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. कामिनीने आजवर पुष्कळ रडणाऱ्या आया पाहिल्या होत्या. ही रडत नव्हती. ही स्वतःवरचा गुन्हा कबूल करत होती.

"मी मारली तिले, बाई," ती म्हणाली. "फोनवर सांगतलं होतं तिनं, माय, पिशवी झाकून आन. मी नाही झाकली. मी म्हटलं, आपन काय चोरी करून राहिलो का? म्हनून त्यायले समजलं. माझी पोर लाजंनं मेली."

"असं कोण म्हणालं?"

"सारेच म्हनून राहिले. गावात फोन गेले." तिने वर पाहिलं. "झिंगे तिनं फेकून देले असतील, नाही?"

पोलिसाने खोटा दिलासा देऊ नये, असं कामिनीला शिकवलेलं होतं, आणि खरा तिच्यापाशी नव्हता. ती तिथून उठली तेव्हा या बाईला खरं काय ते सांगितल्याशिवाय ही फाईल बंद करायची नाही, एवढं मात्र तिने ठरवलं. नाहीतर ही माय उरलेलं आयुष्य त्या पिशवीखाली दबून काढणार होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं आणि भयंकर होतं. डोक्याला लागलं तेव्हा मुलगी जिवंत होती. पाण्यात गेली तेव्हाही जिवंत होती, छातीत तलावाचं पाणी आणि गाळ होता. दगडावर आपटून पडली की आधीच कुणी मारलं, हे ते छातीठोक सांगू शकत नव्हते.

"आणि पोटात?" कामिनीने विचारलं.

"जेवण झालं होतं, नुकतंच. भात आणि झिंगे. पोटभर."

ठाण्यातल्या साहेबांना घाई होती. कंपनीचं नाव येतंय, वरून फोन येतायत, आकस्मिक मृत्यू म्हणून मोकळं करा, असं त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं. कामिनीने एक दिवस मागून घेतला आणि टेबलाशी बसली.

नीतूने झिंगे शिजवून खाल्ले होते. खोलीतच, कारण दुसरीकडे कुठे? तर मग ज्या गंजात, ज्या पातेल्यात शिजवले तो कुठे आहे? धुऊन ठेवला असता तर मांडणीवर असता. पिशवीही नव्हती. जीव द्यायला निघालेली मुलगी जेवते, ओटा फिनाईलने घासते, गंज आणि पिशवी काखेत मारते आणि अनवाणी तलावात उडी घेते? ताराचंदनेही मान हलवली. वेड्यांच्या बाजारातसुद्धा असा सौदा होत नाही.

जिथे मुलगी गेली तिथेच गंज गेला असणार.

तिने तलाव धरणाऱ्या खैरीच्या सोसायटीला तुडुमाशी जाळं टाकायला सांगितलं. माणसं आली, पण पाळीवर उभी राहून एकमेकांकडे पाहू लागली. जिथून प्रेत काढलं तिथे जाळं फेकायला कुणाचा हात होईना. तेवढ्यात मुरारी पुढे आला. दवाखान्यातून तो कधी आला होता ते कुणाला कळलंही नव्हतं.

"मीच टाकतो," तो म्हणाला.

कुणी त्याला अडवलं नाही. त्याने धोतर खोचलं, जाळं खांद्यावर जुळवलं आणि फेकलं. पहिल्यांदा वेल आले, दुसऱ्यांदा रिकामं. तिसऱ्यांदा जाळं जड झालं. आत जर्मनचा गंज होता. मुरारीने तो हातात घेतला, अंगठ्याने कडेवरचा गाळ पुसला. लग्नात भांड्यावर नाव कोरतात तसं बारीक ठिपक्यांनी कोरलं होतं: बायाबाई.

मुरारीने गंज कामिनीच्या हातात दिला आणि पाळीवर बसून तो मोठ्याने रडला. खैरीचे ढिवर माना खाली घालून त्याच्याभोवती उभे राहिले. खून झाला होता. आता कुणी आकस्मिक म्हणू धजणार नव्हतं. पण केला कोणी?

ठाण्यात परतल्यावर कामिनीने खिडकीत वाळत घातलेला तिचा उजवा बूट उचलला. चिखल सुकून पांढुरका झाला होता, नखाने खरवडला की पापुद्रे पडत होते. ती खरवडत राहिली आणि मध्येच थांबली. मग तिने कपाटातून एक जबाब काढून पुन्हा वाचला.

"ताराचंद," ती म्हणाली, "उद्या सकाळी वासुदेवराव आणि भुपेंद्र, दोघांना घाटावर बोलाव. सांग, जागेचा पंचनामा करायचा आहे. जागेश्वरही असू दे."

सकाळी ऊन कोवळं होतं. ऑफिसला जाणारी पोरंपोरी घाटाकडे पाहत, पावलं आवरती घेत पुढे जात होती. भुपेंद्रने आजही पांढराच शर्ट घातला होता. वासुदेवराव काठी टेकवत मागे आले. दोन दिवसांत त्यांचं वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं दिसत होतं.

"ती कशी बसली होती ते दाखवा," कामिनी म्हणाली. "पंचनाम्यात लिहावं लागतं."

भुपेंद्र पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर रुमाल अंथरून बसला, पाय खाली सोडले आणि मग त्याने पहिल्यांदाच खाली पाहिलं. पायांखाली वाळलेला, भेगा गेलेला चिखल होता. पाण्याची कड पार लांब, जिथे बगळे उभे होते तिथे होती. पायरीवरून भिरकावलेला दगडही तिथवर गेला नसता.

"पाण्यात पाय सोडून," कामिनीने जबाबातलं वाचलं.

"पाणी उतरलं असेल मॅडम. तेव्हा होतं."

"परवा होतं?"

"हो. म्हणजे, असेलच ना. तलाव आहे."

कामिनीने त्याला पुढे विचारलं नाही. ती वासुदेवरावांकडे वळली.

"वासुदेवराव, तुम्ही रोज सकाळी पाळीवर येता. जन्मभर या पाण्यावर धान पिकवलं. तुमच्या वडलांनी हे तुडुम उघडलं, तुम्ही उघडलं. शेवटच्या पायरीला पाणी कधी होतं?"

म्हाताऱ्याने काठीच्या टोकाने वाळल्या चिखलाची खपली उकरली. जागेश्वर बोलायला गेला, कामिनीने त्याला हाताने थांबवलं. तिला हे उत्तर जागेश्वरकडून नको होतं. जागेश्वर सांगेल ते ती स्वतः मोहाडीला लहानपणापासून पाहत आली होती.

"बाबा," भुपेंद्र पायरीवरून म्हणाला. "सांगा ना, परवा होतं म्हणून."

वासुदेवरावांनी काठी दोन्ही हातांत धरली.

"दसऱ्याले होतं," ते म्हणाले. "तुडुम उघडलं आन् पायरी सुटली. तवापासून इथं पाणी नाही." ते मुलाकडे वळले. "तू माह्यासमोर जबाब देला ना, तवाच समजलं मले. रातच्याले गाडी गेल्याचं ऐकलं होतं म्या. पन मनाले म्हटलं, गेला असंल कामानं. तू पाण्यात पाय म्हटलं आन् माझ्या घशाखाली चहा गेला नाही."

भुपेंद्रचा चेहरा उतरला. तो उठला नाही, पळाला नाही. मान झुकवायची सवय होती, तशी त्याने झुकवली.

"मी सांगते काय झालं ते," कामिनी म्हणाली. "चुकलं तर सांगा. तुमच्या आईने ज्या मुलीला खोली सोडायला सांगितलं, त्याच मुलीच्या शब्दावर ही सगळी इमारत कंपनीला जाणार होती. आईला ते ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. तिची जात कळल्यावर घराबाहेर काढतात हे तिने ऑफिसात नुसतं सांगितलं असतं, तरी केशर हाईट्स मोकळी पडली असती. परवा आई भजनाला गेली, प्रेरणा शिफ्टला, बाबा गोळी घेऊन झोपले. तुम्ही वर गेलात, समजूत घालायला. तेव्हा तिचं जेवण झालेलं होतं. चूक?"

"मी फक्त बोलायला गेलो होतो," भुपेंद्र म्हणाला.

"तिच्या दोन्ही चपला दाराशीच राहिल्या. म्हणजे ती स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडली नाही. ओट्यावर रक्त सांडलं म्हणून फिनाईल आलं. पण नुसतं रक्त पुसून भागत नव्हतं. झिंग्यांचा वास असता तर ती मजेत जेवली हे कळलं असतं, आणि लाजेने मेली ही गोष्ट टिकली नसती. म्हणून गंज गेला, पिशवी गेली. खिडकी मात्र तिने उघडली होती, वास बाहेर जावा म्हणून नाही, कुणाला आला तर येऊ दे म्हणून. ती लावायची तुम्हाला सुचलं नाही. रात्री गाडीत घालून पाळीवर नेलंत. तुडुमाशी पाणी बाराही महिने खोल असतं, हे गावातलं पोरही जाणतं, तेवढं तुम्हालाही ठाऊक होतं. पण तुडुम उघडं आहे, ते पाण्याबरोबर तिला ओढून तोंडाशी अडकवेल, बांध्या कोरड्या पडतील आणि सकाळी कुणीतरी फावडं घेऊन वर येईल, हे ठाऊक नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी, आदल्या संध्याकाळी ती जिवंत होती आणि दुःखी होती, हे दाखवायला घाट सुचला. घाटावर पाणी असतंच, असं समजलात."

तिने जबाबाचा कागद मिटला.

"तुमची एक बांधी जरी उरली असती ना भुपेंद्रजी, तरी हे खोटं तुमच्या तोंडून निघालं नसतं."

त्याने ठाण्यात सगळं सांगितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या मनात तर रात्रभर ती उघडी खिडकी होती. तो वर गेला तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि नीतू प्रेरणासाठी भात झाकून ठेवत होती. त्याने विनवलं, आईचं मनावर घेऊ नकोस, ऑफिसात बोलू नकोस, हवं तर खोली राहू दे, फक्त हे घरात शिजवू नकोस. ती म्हणाली होती, मी बोलणारच, आणि शिजवणारही, तुमच्या आईला सांगा, वर या जेवायला, माझ्या मायने आणलेत. तिने फोन उचलला, तो हिसकायला गेला, त्याने ढकललं. ओट्याची कड डोक्याला बसली. ती हलेना. मेली असं तो समजला. दवाखाना हायवेच्या पलीकडे होता. गाडी खाली उभी होती. त्याने ती गाडी तलावाकडे नेली.

डिक्कीतल्या चटईवर रक्त मिळालं. फोन मिळाला नाही. केशरबाई ठाण्याच्या पायरीवर माळ मुठीत धरून बसून होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की आपण फक्त दुसरी खोली पाहा म्हटलं होतं. वासुदेवराव घरी गेलेच नाहीत. ते तलावाच्या पाळीवर बसले होते असं जागेश्वरने सांगितलं.

संध्याकाळी कामिनी करडीला गेली. मुरारीच्या अंगणात माणसं बसली होती, ती तिला पाहून बाजूला झाली. बायाबाई आत चुलीपाशी होती. चूल पेटलेली नव्हती.

कामिनी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि सांगू लागली. नीतूने जीव दिला नाही. तिला मारलं, आणि मारणाऱ्याने कबूल केलं. ती लाजली नव्हती. उलट तिने खिडकी उघडी टाकून झिंगे शिजवले, मालकिणीला जेवायला बोलवा म्हणाली, माझ्या मायने आणलेत म्हणाली. हे शब्द कामिनीने दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा बायाबाईला ते ऐकू आले नसावेत.

पाण्यात टाकलं तेव्हा ती जिवंत होती, ते कामिनीने सांगितलं नाही. कोर्टात ते निघणारच होतं. आजच्या दिवशी ते आपल्या तोंडून नको, एवढंच तिला वाटलं.

बायाबाईने विझलेल्या चुलीतली राख हाताने सारखी केली.

"माझ्याच गंजात शिजवले?"

"हो मावशी. केस संपली की गंज तुम्हाला मिळेल."

बायाबाईने पदराने तोंड पुसलं. मग तिने विचारलं ते एवढंच.

"पोटभर जेवली होती का, बाई?"

"हो," कामिनी म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं. पोटभर."